पाच व्होल्ट कुठे गेले?

कॅलिफोर्नियात सनीव्हेल नावाचं एक शहर आहे. तिथल्या 'अँडी कॅप्स टॅव्हर्न' या बारमध्ये १९७२ साली एक लाकडी खोकं आणून ठेवण्यात आलं. आत दुकानातून विकत आणलेला कृष्णधवल टीव्ही, बाहेर दोन फिरवायची बटणं आणि नाणं टाकायची एक फट. खेळाचं नाव 'पाँग'. पडद्यावर दोन उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये टोलवला जाणारा एक ठिपका, एवढंच टेनिस. ते बनवणारी अटारी कंपनी त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्थापन झालेली.

थोड्याच दिवसांत बारमधून निरोप आला, यंत्र बंद पडलंय. ज्यानं ते बनवलं तो तरुण इंजिनिअर ॲलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेला. तपासायला म्हणून त्यानं नाण्यांचा कप्पा उघडला आणि नाणी बाहेर ओसंडली. तात्पुरतं लावलेलं भांडं काठोकाठ भरल्यामुळे नाण्याची यंत्रणा अडकून बसली होती. सर्किटमध्ये काहीही बिघाड नव्हता. अल्कॉर्ननं ही हकिकत पुढे अनेकदा सांगितली आहे.

ही गोष्ट व्यापारी यशाची म्हणून सांगितली जाते. मी आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे मला ती निराळी ऐकू येते. माझ्या दृष्टीनं हा बिघाड शोधण्याचा पहिला पाठ आहे. आधी नाणं, मग स्विच, मग वायर, मग पॉवर सप्लाय, आणि आयसीवर संशय अगदी शेवटी. पुढची तीस-चाळीस वर्षं या यंत्रांच्या दुरुस्तीचा क्रम साधारण हाच राहिला.

हा क्रम सगळ्यांना सहज सुचला असं मात्र नाही. ही यंत्रं ज्यांच्या हाती पडली ते ऑपरेटर तोवर ज्यूकबॉक्स आणि पिनबॉल सांभाळत होते. त्या यंत्रांत कॉइल, रिले आणि स्प्रिंगा असत. बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई. पाँगमध्ये हलणारं काहीच नव्हतं. गंमत म्हणजे त्यात प्रोग्रॅमसुद्धा नव्हता! संगणकाचा मेंदू म्हणतात तो मायक्रोप्रोसेसर नाही, मेमरीत लिहिलेल्या सूचना नाहीत. नुसत्या तर्क चालवणाऱ्या टीटीएल जातीच्या आयसी एकमेकींना जोडलेल्या. खेळ म्हणजेच वायरिंग. एखादी आयसी गेली तर चेंडू सरळ भिंतीतून आरपार जाई, नाहीतर गुणांचा आकडा अर्धाच दिसे.

या टीटीएल आयसींचं एक पथ्य आहे. त्यांना ५ व्होल्ट लागतात, आणि तेही काटेकोर. खाली पावणेपाच, वर सव्वापाच. त्याच्या बाहेर गेलं की त्या वेड्यासारख्या वागू लागतात. म्हणून जुन्या गेम मशिनचा कुठलाही बिघाड असो, जाणता मेकॅनिक आधी मीटर काढतो आणि विचारतो, पाच व्होल्ट आहेत का? आणि त्याहून महत्त्वाचं, ते कुठे मोजले?

हे 'कुठे' फार महत्त्वाचं आहे. अटारीच्या १९८० च्या आसपासच्या मशिनमध्ये खाली तळाशी ट्रान्सफॉर्मर असे. त्याच्याजवळ एक भलामोठा निळा कंडेन्सर. मेकॅनिक मंडळींनी त्याचं नावच 'बिग ब्लू' ठेवलं. एसीचं डीसी केल्यावर ज्या लाटा उरतात त्या सपाट करणं हे त्याचं काम. वय झालं की कंडेन्सर आतून वाळतो. मग लाटा राहतात, स्पीकरमधून घुंsss असा आवाज येतो आणि खेळ मध्येच पहिल्यापासून सुरू होतो. हा झाला सोपा बिघाड. कंडेन्सर बदलला की काम झालं.

अवघड बिघाड पुढे होता. या कंपनीच्या इंजिनिअरांनी एक हुशारी केली होती. पॉवर सप्लायपासून खेळाच्या बोर्डापर्यंत वायर लांब, तिच्यात थोडा दाब गळणारच. म्हणून त्यांनी बोर्डाकडून एक वेगळी वायर उलट रेग्युलेटरपर्यंत नेली. तिला 'सेन्स' म्हणतात. बोर्डावर खरोखर किती व्होल्ट पोहोचले हे ती रेग्युलेटरला कळवी, आणि कमी पडले तर तो वाढवून देई. नवं यंत्र असताना व्यवस्था उत्तम चालली.

पण ही यंत्रं बारमध्ये, स्टेशनांवर, धुरात आणि दमटपणात दहा-दहा वर्षं राहिली. बोर्डाच्या कडेला बसणाऱ्या कनेक्टरच्या पट्ट्यांवर गंज चढला. गंज म्हणजे विरोध. बोर्डावर दाब कमी पोहोचू लागला, सेन्सनं तक्रार केली, रेग्युलेटरनं दाब वाढवला. गंजलेल्या जागी ऊष्णता वाढली, तिनं गंज आणखी वाढवला, पुन्हा तक्रार, पुन्हा वाढ. शेवटी कनेक्टर काळा पडून जळायचा. सप्लायच्या टोकाला मोजलं तर साडेपाचच्या वर, बोर्डावर मोजलं तर कसेबसे पाच. ज्यानं एकाच ठिकाणी मीटर लावला तो फसला. बरेच जण आणखी एक करत. सप्लायवरचा छोटा स्क्रू फिरवून दाब वाढवून द्यायचा. खेळ सुरू होई आणि दुखणं आत वाढत राही. तापलेल्या रोग्याला गोधडी पांघरण्यातला प्रकार! खरा उपाय साधा होता. दोन्ही टोकांना मोजायचं, जिथं फरक पडतो ती जागा शोधायची, पट्ट्या खोडरबरानं घासून साफ करायच्या आणि जळका कनेक्टर नवा घालायचा.

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीनं 'स्पेस इन्व्हेडर्स' आणला. तोमोहिरो निशिकादो या एकट्या माणसानं तो घडवला. त्यात इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर होता. (या खेळानं जपानात नाण्यांची टंचाई झाली असं आवर्जून सांगतात, त्याला आधार नाही.) शत्रू मरत जातील तसे उरलेले वेगानं धावतात, आठवतं? तो वेग मुळात ठरवून ठेवलेला नव्हता. चित्रं कमी उरली की प्रोसेसरचं काम हलकं होई, म्हणून खेळ आपोआप पळू लागे. निशिकादोंना ते आवडलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं.

प्रोसेसर आला आणि मेकॅनिकची पंचाईत झाली. वायरिंगमागे बोट फिरवून आता बिघाड सापडेना. म्हणून कंपन्यांनी दाराच्या आत एक चाचणीचा स्विच दिला. तो दाबला की यंत्र स्वतःची मेमरी तपासून निकाल पडद्यावर किंवा आवाजातून सांगे. शिवाय एक 'वॉचडॉग' ठेवला, म्हणजे राखणदार. प्रोग्रॅम अडकला की तो प्रोसेसरला हलवून पुन्हा सुरू करी. पण मूळ बिघाड तसाच असेल तर हा राखणदार दर क्षणाला भुंकत राही. यंत्र सुरू होऊ पाहतंय, पुन्हा आपटतंय, पुन्हा सुरू होतंय. अशा वेळी आधी राखणदाराला बांधून ठेवावं लागे. बोर्डावर त्यासाठी खास जागा ठेवलेली असे.

आणि कधी कधी बिघाड बिघाडच नसे. १९८० च्या 'पॅकमॅन'मध्ये २५६ व्या फेरीला अर्धा पडदा अक्षरांच्या खिचडीनं भरतो. पातळीचा आकडा आठ बिटांत मावत नाही म्हणून. तिथं सोल्डरिंग आयर्न कामाचा नाही.

मॉनिटरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो टीव्हीसारखाच. वाळलेले कंडेन्सर, जाड पायांभोवती पडलेला ड्राय सोल्डर, आणि पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब, जो यंत्र बंद केल्यावरही काही काळ राहतो. तिथं घाई करू नये. १९८१ च्या 'टेम्पेस्ट'सारख्या खेळांत किरण थेट रेषा काढी. तो एका जागी थांबला तर पडदा जळेल, म्हणून त्याला तोडणारं सर्किट होतं आणि त्याचा लाल दिवा लागे. दिवा मॉनिटरवर लागतो म्हणून लोक मॉनिटर उघडून बसत. पुष्कळदा दोष बोर्डाचा असे. त्याच्याकडून चित्रच येत नसे.

१९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेनं ५६ टोकांचा एकच कनेक्टर ठरवून दिला. त्याला 'जामा' म्हणतात. मग खोकं तेच ठेवून बोर्ड बदलता येऊ लागला. १९९० च्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पोरांनी ज्याला 'मुस्तफा' म्हटलं, तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा, म्हणून खेळाचंही तेच.

याच कॅपकॉमनं नकला थांबवण्यासाठी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत खटकतं. १९९३ पासूनच्या 'सीपीएस-२' बोर्डावर प्रोग्रॅम सांकेतिक भाषेत होता, आणि तो उलगडणारी किल्ली एका छोट्या लिथियम बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई. मग पाच व्होल्ट बरोबर, कनेक्टर स्वच्छ, आयसी धडधाकट, आणि पडद्यावर नुसता एक रंग. मालकानं पैसे देऊन घेतलेली वस्तू काही वर्षांनी स्वतःच मरावी अशी ती रचना होती. हौशी लोकांनी तिला 'सुइसाइड बॅटरी' म्हटलं ते उगाच नाही. मुस्तफाच्या अस्सल बोर्डातही आवाजाच्या प्रोसेसरसाठी अशीच बॅटरी होती. ज्यांनी कुलूप फोडून नकला केल्या, त्यांच्या बोर्डांना मात्र हा आजार नव्हता!

१९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं 'मेम' सुरू केलं. जुने खेळ संगणकावर जसेच्या तसे चालावेत हा हेतू. तिथं प्रोग्रॅम वाचला, यंत्र वाचलं नाही. सीपीएस-२ चं कुलूप २००१ मध्ये किलकिलं झालं, २००७ मध्ये त्याची संपूर्ण रीत उलगडली. पण मेलेला अस्सल बोर्ड काही हात न लावता, आयसी न बदलता पुन्हा उठवता येईना. ते २०१६ मध्ये जमलं. कारखान्यात किल्ली कशी भरत असत हे काही हौशी अभ्यासकांनी शोधून काढलं. आता नवी बॅटरी घालायची, बोर्डाला चार-सहा वायरा जोडायच्या आणि हातात मावेल एवढ्या सर्किटमधून किल्ली पुन्हा आत सोडायची. काही सेकंदांचं काम. अर्थात त्याआधी मीटर लावून बोर्डावर पाच व्होल्ट आहेत ना, हे पाहून घ्यावं लागतंच.