भोईवाड्यात, दारं बंद असताना

हिंदमाताच्या कापडबाजारात तागे उलगडणाऱ्या दुकानदारांकडे पाठ फिरवा आणि आंबेडकर रोडवरून आत वळा. केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या दारातली गर्दी, फुटपाथवर पथारी टाकून बसलेले परगावचे नातेवाईक, कोर्टाबाहेर अशिलाला समजावणारे काळे कोट, सगळं मागे पडू द्या. भोईवाड्यात एखाद्या जुन्या चाळीचा लाकडी जिना अजून शिल्लक असेल, तो चढा. कठडा धरून चढा, कारण मधल्या मजल्यावर अंधार आहे.

फ्यूज गेलेला नाही. डिसेंबर १९७१ आहे, पाकिस्तानशी युद्ध जुंपलंय आणि मुंबईत ब्लॅकआउट आहे. डोळे सरावले की उघड्या दारातून एक खोली दिसेल. खिडकीला काळा कागद, दिव्याला कागदाची टोपी, आणि उजेड फक्त जमिनीवर पडेल एवढाच. त्या उजेडात दोन पोरं वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापताहेत. काच फुटली तर तुकडे घरभर उडू नयेत म्हणून तिच्यावर पट्ट्यांची फुली मारायची असते. धाकट्याने फुलीवर फुली चढवून चांदणी केली आहे आणि आता तिला झिरमिळ्या लावायच्या विचारात आहे. “बॉम्ब पडायचाय का दिवाळी आलीय?” वडील विचारतात. आई मात्र चांदणी काढू देत नाही. तिच्या हातात लोकरीच्या सुया आहेत. बासष्टच्या चीन युद्धात जवानांसाठी स्वेटर विणायला घेतलेल्या या सुया पुन्हा बाहेर निघाल्या आहेत. अंधारात विणायला डोळे लागत नाहीत, बोटं टाके मोजतात.

हे युद्ध तेरा दिवसांत संपणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना सांगू नका. वरच्या मजल्यावर चला.

आता गुरुवार, १९ ऑगस्ट १९८२. पाऊस तिरपा येतोय, गॅलरीच्या अर्ध्या फरशा ओल्या आहेत. पहाटे गिरणीचा भोंगा झाला नाही. १८ जानेवारीपासून तो झालेलाच नाही. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गिरणगावातले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर आहेत आणि सात महिने पगार नाही. त्यात काल पोलिसांनीच उठाव केला. नायगावची पोलीस वसाहत इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दगडफेक, जाळपोळ आणि मग लष्कराच्या गाड्या, सगळं या चाळीने गॅलरीतून पाहिलंय. आज कोणी खाली उतरायचं नाही, असं मोठ्या माणसांनी ठरवलंय. आणि रविवारी गणपती आहेत.

या खोलीत एरवी तीन पाळ्यांचे पुरुष आलटून पालटून झोपायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागी रातपाळीचा येऊन पडायचा. आता सगळे एकदमच घरी. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, एक ट्रंक, एक मोरी आणि भिंतीला टेकून ठेवलेलं शिलाई मशीन. त्या मशीनवर रेडिमेड कपड्यांची काजं-बटणं आणि शेजारणींची पोलकी होतात, घराला सध्या तेवढाच आधार. आज मशीन बंद आहे, कारण काम आणून देणारा माणूस पोचू शकलेला नाही. म्हणून घरातल्या आक्कांनी पुरुषांना गॅलरीत हाकललं आणि फरशी पुसून कोरडी केली.

“हितं बसा की, कडंला,” त्या तुम्हाला म्हणतात. “पाय तेवढा जपून टाका, सुई हाय.”

लेक सातव्या महिन्यात माहेरी आलीय. तिच्यासाठी वाकळ शिवायची आणि उरल्या कापडात बाळाचं दुपटं. आक्का साताऱ्याकडच्या, म्हणून वाकळ म्हणतात. शेजारच्या काकू रत्नागिरीकडच्या, त्या गोधडी म्हणतात आणि आक्कांच्या टाक्यांना नावंही ठेवतात, कारण त्यांना ते लांब वाटतात.

सासूबाईंचं विटलेलं हिरवं लुगडं ट्रंकेतून निघतं. कात्री लावण्याआधी आक्का ते दोन्ही हातांनी ताणून उजेडाला धरतात. विरलंय कुठे, कसर लागलीय कुठे, ते पाहून घेतात. नऊवारीचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटरच्या आसपास येतात. दोन जोडून खालची बाजू, दोन जोडून वरची. एका लुगड्यात वाकळीची दोन्ही अंगं होतात, काठ मात्र कुठे पडतील ते आधी ठरवावं लागतं. काकूंचं म्हणणं, काठ चारी बाजूंनी फिरवावा. आक्कांना तो मधोमध हवाय, दोन्ही तुकड्यांच्या सांध्यावर. सांधा झाकला जातो आणि सासूबाईंचा काठ लेकीच्या छातीवर येतो. यावर बराच वाद होतो. डब्यात दोन दिवसांचे तांदूळ आहेत, हे दोघींनाही ठाऊक आहे, तरी वाद काठावरच चालतो.

संपाविषयी लिहिणारे बहुतेकजण इथे डोळे पुसतात, नाहीतर जुन्या चाळीच्या आठवणीत रमतात. तुम्ही जरा वेळ नुसतं बघा. दोघी रंगात आल्या आहेत.

खालची बाजू फरशीवर अंथरली. चार कोपऱ्यांवर वजन: वरवंटा, खलबत्ता, पितळी तांब्या आणि एका कोपऱ्यावर लेकीचा धाकटा भाऊ, त्याला हलायचं नाही अशी तंबी. आत दोन धोतरं, एक चादर, शाळेचे पांढरे शर्ट. शर्टांची कॉलर आणि बटणं काढून घेतली आहेत, बटणं डब्यात गेली. थर एकाच जागी जाड होऊ नयेत म्हणून शिवणीवर शिवण येऊ द्यायची नाही. टेरिकॉटचा एक शर्ट काकू बाजूला फेकतात. टेरिकॉट घाम पीत नाही, सुईही नीट घेत नाही. त्यापेक्षा जुनं सुती कापड बरं. शेकडो धुण्यांनी त्याची खळ केव्हाच गेलेली असते, ते अंगाला टोचत नाही आणि बाळाला उकडत नाही. नवं कोरं कापड गोधडीत घालणारी बाई या मजल्यावर सापडणार नाही.

वरची बाजू टाकली, हाताने साफ केली. आधी मोठमोठे कच्चे टाके, थर सरकू नयेत एवढ्यासाठी. मग खरा धावदोरा. एकीने एका काठाकडून निघायचं, दुसरीने समोरच्या काठाकडून, आणि वळणावळणाने चौकोनात चौकोन घेत मधे यायचं. दोन ओळींत बोटाएवढं अंतर. डाव्या हाताचा तळवा सुईच्या पुढे पुढे चालतो आणि कापडातला झोळ आत सारत नेतो. कसब असं की मधे पोचेपर्यंत तो झोळ उरताच कामा नये. उरला तर मधोमध फुगा येतो आणि ती वाकळ जन्मभर तशीच राहते. आक्कांच्या बोटात अंगुस्तान नाही. त्यांच्या उजव्या मधल्या बोटाचं टोक असं घट्ट झालंय की त्यांना त्याची गरजच नाही.

दोरा तुटला. आक्का नुसता हात दाराबाहेर काढतात. गॅलरीतून त्यांचे मालक दोरा घेतात, दोन टोकं जुळवतात आणि चिमटीत काहीतरी होतं. साचेखात्यातली, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यातली गाठ. साच्यावर तुटलेला तार क्षणात जोडायचा आणि गाठ इतकी बारीक ठेवायची की ती कापडात कळता कामा नये, वर्षानुवर्षांची ती सवय. परत आलेला दोरा त्या गाठीसकट सगळ्या थरांतून सहज जातो. तुम्ही पुन्हा दाखवा म्हणालात तर त्यांना हळू करता येत नाही. बोटं थांबवली की गाठच विसरतात.

गॅलरीत चला, तिथे मखर चाललंय.

या वर्षी थर्माकोल परवडणारं नाही आणि आणायला जायची सोयही नाही. एरवी गणपतीच्या आधी नवं कोरं सामान आणणारे पुरुष आज पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसले आहेत. खांबांना पुठ्ठा गुंडाळून सुतळीने बांधला, वर घोटीव कागद. खळ कशाची, यावर मघाशी आजी तापल्या होत्या. गव्हाचं पीठ खायला पुरत नाही आणि तुम्ही त्याची खळ शिजवता? मग भाताची शितं चेचून काम भागलं. एका काकांनी मोरचूद घाला म्हटलं, झुरळं लागत नाहीत. आजी म्हणाल्या, विष घरात आणू नका, झुरळं लागली तर लागली.

पोरांकडे पतंगाच्या कागदाचे तीन ताव आहेत, गेल्या संक्रांतीचे. त्यातला लाल ताव साचेवाल्या काकांनी घेतला. चार वेळा दुमडला की सोळा पदर होतात. अर्धं पातं बोटात धरून ते कडेला एक बारीक चंद्रकोर कापतात, मग तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी. दुमडीवर थोडंसं कापड राखतात, कापड म्हणजे कागद, पण त्यांच्या तोंडी कापडच येतं. दुमडीवरचा तो भाग तुटला तर जाळी उलगडताच तिचे तुकडे होतात. ताव उघडतो. तीच कोर सोळा ठिकाणी, उलटसुलट, एकमेकींना धरून. पोरं ओरडतात. दुसरा ताव लगेच पुढे येतो, तिसऱ्याची झोंबाझोंबी होते.

ही नक्षी कुठून आली, म्हणून विचारा. सोपं आहे: धोतराचा काठ. माणसाने पंधरा वर्षं साच्यावर काठाची नक्षी उतरताना पाहिलीय, हात मोकळे झाले तेव्हा तीच कागदावर उतरली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर येऊन सांगतं, एवढं छान कापता तर आमच्याही मखराला करा. संध्याकाळपर्यंत चाळीतले जुने ताव संपतात. मग वर्तमानपत्र. संपाच्या बातम्यांच्या पानांची जाळी होते आणि एका मखरात गणपतीच्या मागे सामंतांचं अर्धं छायाचित्र येतं. ते मुद्दाम तसं ठेवलंय का, हे कुणी कबूल करत नाही.

हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच जाणार नाही, ही गोष्टही तुम्हाला माहीत आहे. इथे कुणाला सांगू नका. आक्का आणि काकू मधल्या चौकोनापर्यंत पोचल्या आहेत आणि फुगा आलेला नाही.

अशाच गोधड्यांची एक दुसरीकडची गोष्ट. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. गिरणगावातल्या गोधड्या माळ्यावरच राहिल्या. चाळी पाडून टॉवर उभे राहिले तेव्हा सामान हलवताना त्यातल्या किती कचऱ्याच्या गाडीत गेल्या असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. हे चुकलंच.

आता खाली उतरा. जिन्यावर करोनाचा एप्रिल २०२० लागेल, पण तिथे रेंगाळायला मिळायचं नाही. ८ तारखेला महापालिकेने मास्क सक्तीचा केला आणि पोत्याखाली झाकून ठेवलेली शिलाई मशीनं पुन्हा दाराशी आली. सुती साडीचे दुहेरी तुकडे, तीन चुण्या, दोन नाड्या. केईएमच्या दिशेने रात्रभर रुग्णवाहिका जात होत्या आणि त्या आवाजात खालून मशीनचा खटखटाट. घरात पाळी आता मुलांच्या ऑनलाइन शाळेची होती.

रस्त्यावर आलात. थर्माकोलवर राज्यात २०१८च्या मार्चमध्ये बंदी आली, त्यामुळे गणपतीच्या आधी पुठ्ठ्याची, कागदाची मखरं दुकानात पुन्हा दिसतात. बहुतेक यंत्राने कापलेली, जाळी अगदी सारखी, आणि महाग. गोधडी शिकवणारे छंदवर्गही निघालेत. तिथे कोरं कापड आणि मधे पॉलिस्टरचा कापूस देतात. शिकायला हरकत नाही, पण त्या गोधडीला आक्कांनी हातही लावला नसता.

तुमच्या कपाटात आईची, आजीची सुती साडी असेल. बोहारणीला देऊन पातेलं घेण्याआधी ती उजेडाला धरून बघा. विरली नसेल तर हात-दीड हाताचं दुपटं करायला घ्या. आत जुनं धोतर, नाहीतर मऊ पडलेली चादर. टेरिकॉट नको. काठाकडून निघा, झोळ पुढे सारत चला, आणि काठ कुठे टाकायचा यावर घरात कुणाशी तरी भांडून घ्या.