राखीव हिस्सा

डावपेचांच्या खेळात संगणकाला खर्च करायला शिकवावे लागते. १९९९ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये अन्न, लाकूड, सोने आणि दगड अशी चार साधने असतात. संगणकाने कसे खेळायचे, याचे नियम एका साध्या फाइलमध्ये लिहिता येतात. किती टक्के माणसे लाकूडतोडीला लावायची, हे तिथे आकड्यांत सांगायचे. आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा नियम: मिळालेल्या सोन्यातले, समजा, २० टक्के बाजूला ठेवायचे आणि ठरल्या कामाखेरीज त्याला हात लावायचा नाही. असा नियम नसला की संगणक हाती येईल ते सैनिकांवर उधळतो. पुढच्या युगात जाण्यापुरता साठा जमता जमत नाही.

मुलांना हे चटकन कळते. मग विचारावे, राखायला काही उरतच नसेल तर? शून्याचे २० टक्के शून्यच.

१९४५ पूर्वी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव भागात, म्हणजे आजच्या तलासरीकडेही, वारल्यांचे असेच होते. पावसाळ्यात घरातले धान्य संपे. जमीनदाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आले की व्याजासकट फेडायची. लग्नासाठी कर्ज काढणारा तर ‘लग्नगडी’ होऊन राबे. वारल्याची कणगी रिकामी राहिली, तरच जमीनदाराला मजूर स्वस्त मिळे. (ही ‘अडाणी माणसाची उधळपट्टी’ म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.)

जमीनदाराच्या हिशेबातही एक कच्ची जागा होती: गवत. पाऊस ओसरला की ते थोड्याच दिवसांत कापून विक्रीसाठी पाठवावे लागे. उभे गवत कुणासाठी थांबत नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेने नेमक्या याच हंगामात मागणी केली: ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, गवत कापायला अडीच रुपये. मान्य नसेल तर विळा खाली. धान्य जमीनदाराकडे होते, पण वेळ वारल्यांच्या बाजूला होती.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरी संप मोडला नाही. या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. वरच्या वर्गांना ते जरूर वाचायला द्यावे.

वरच्या खेळात ऋतू नाहीत. वाळत जाणारे गवत त्यात आणायचे, तर दोन्ही खेळाडूंचे कोणते नियम बदलतील, हे मुलांना कागदावर मांडू द्यावे.