आधी संस्था की आधी इमारत? सहनिवासातील तक्रारींचा इतिहास

मी वाशिमचा. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गावात सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा चौथ्या शतकातील ताम्रपट वाचता यावा, म्हणून तिशीत मी ब्राह्मी लिपी आपली आपण शिकलो. तेव्हापासून दानपत्रे, सनदा, खरेदीखते वाचायची खोड लागली. पदवी नाही, पण एक गोष्ट त्यातून उमगली. दानपत्रात दोन बाबी हमखास असतात : कोणती जमीन दिली आणि घेणाऱ्याला कोणकोणत्या जाचातून मोकळीक दिली. त्या सवलतींची यादी वाचली, की एरवी लोकांना काय सोसावे लागत असेल ते कळते.

हे सारे आठवायचे कारण पुण्यातील मुलाचे घर. चौदा इमारती, सातशेवर सदनिका. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने तिथे होतो. एका रविवारी रहिवाशांच्या सभेला मुलाबरोबर गेलो. टँकरचे बिल कुणी मंजूर केले, लिफ्ट महिन्यातून तीनदा का बंद पडते, पार्किंगचे पैसे कशाचे, देखभालीच्या रकमेचा हिशोब का दाखवत नाही, असा तीन तास गदारोळ. बिल्डरने नेमलेला व्यवस्थापक "वर कळवतो" एवढेच म्हणत होता. परतताना मी विचारले, "जमिनीचं खरेदीखत सोसायटीच्या नावावर झालंय का रे?"

मुलगा म्हणाला, "बाबा, सोसायटीच अजून झाली नाही."

घरात राहायला येऊन सहा वर्षे झाली होती. मग मी ताम्रपट बाजूला ठेवून कायद्याची पुस्तके उघडली.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे कर्ते पुरुष. तिथे क्रम असा होता : आधी माणसे एकत्र आली, मग संस्था झाली, मग इमारत उभी राहिली. जमीन संस्थेची, सभासद संस्थेचे भाडेकरू, आणि संस्था म्हणजे सभासदच. भांडणे तिथेही झाली असतील, पण ती घरातल्या घरात.

हा क्रम दुसऱ्या महायुद्धानंतर उलटला. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे परवडेना, म्हणून घरे विकायची पद्धत रुळली. 'ओनरशिप' हा शब्द मराठी घरांत शिरला तो याच काळात. आता आधी इमारत, मग गिऱ्हाईक आणि सगळ्यात शेवटी, झालीच तर, संस्था. मधल्या काळात जमीन बांधणाऱ्याच्या नावावर आणि कारभारही त्याच्याच हाती. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला या मधल्या काळातच दिसते.

हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही दिसले होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि २० मे १९६० रोजी, म्हणजे अवघ्या एकोणीस दिवसांनी, सदनिकांच्या व्यवहारांतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी शासनाने समिती नेमली. जून १९६१मध्ये तिने अहवाल दिला. त्यातून १९६३चा सदनिका मालकी कायदा, म्हणजेच 'मोफा', आला. त्याच्या उद्देशिकेतच हा इतिहास नोंदलेला आहे. गैरप्रकार केवळ विक्रीत नव्हे, तर सदनिकांच्या व्यवस्थापनातही आहेत आणि ते वाढत आहेत, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याला ही आजची व्यथा वाटते; ती राज्याइतकीच जुनी आहे.

हा कायदा मी ताम्रपटातील सवलतींसारखा वाचला. घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, असे कलम आहे. म्हणजे ते ठेवले जात नव्हते. ताबा सुपूर्द होईपर्यंतचे कर बांधणाऱ्याने भरावेत, असे आहे. म्हणजे ते थकत होते. पाणी, वीज तोडू नये, असेही आहे. संस्था नोंदवण्याचे बंधन आहे आणि त्यानंतर चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावे, असा नियम आहे. एकेका कलमामागे कुणाची तरी तक्रार उभी आहे.

आमच्या वऱ्हाडाचे दप्तर तेव्हा निराळे होते. मुंबई इलाख्यात १९२५चा सहकारी कायदा, विदर्भात १९१२चा, मराठवाड्यात हैदराबादचा. १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा २६ जानेवारी १९६२पासून अमलात आला आणि तिन्ही प्रदेश एका कायद्याखाली आले. सभासदाला ताळेबंद आणि सभांचे इतिवृत्त पाहण्याचा, त्यांच्या नकला घेण्याचा हक्क त्यात कलम ३२ने दिला. पण हा हक्क सभासदाला आहे आणि संस्थाच नसेल तर सभासद कुठला? त्या रविवारी सातशे घरांचे लोक हिशोब मागत होते तो याच पोकळीत उभे राहून.

चार महिन्यांच्या नियमाचे काय झाले? तो इतका मोडला गेला, की २००८मध्ये कायदा बदलून 'मानीव अभिहस्तांतरण' आणावे लागले. बांधणारा सही करत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेऊन संस्थेने जमीन आपल्या नावावर करून घ्यायची. चार महिन्यांच्या कामाला पंचेचाळीस वर्षांनी आडवाट काढावी लागली. पार्किंगचेही तसेच. इमारतीखालच्या खांबांमधील जागा बांधणाऱ्याला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या एका संस्थेच्या प्रकरणात दिला. पुढे २०१६च्या रेरा कायद्याने तर बहुसंख्य घरांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत रहिवाशांची संस्था व्हावी, अशी तरतूद केली. म्हणजे शंभर वर्षांनी कायदा पुन्हा गावदेवीच्या क्रमाकडे वळू पाहतो आहे.

सारा दोष बांधणाऱ्याच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. संस्था झाल्यावर सभासदच एकमेकांना कसे नाडतात, याचीही साक्ष शासनाच्या आदेशांत आहे. घर भाड्याने दिले तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त आकारू नका, हस्तांतरण शुल्क पंचवीस हजारांच्या वर घेऊ नका, हे २००१मध्ये सांगावे लागले ते संस्थांना, बिल्डरांना नव्हे. कारभार आपल्या हाती येणे ही सुरुवात आहे. पुढे सभेला जाणे, हिशोब वाचणे हे आपल्याच अंगावर पडते.

वाशिमला परतण्याआधी मी मुलाला एक यादी करून दिली : विक्री करार, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, आजवर भरलेल्या देखभालीच्या पावत्या. त्याने आणि शेजारच्या काही मंडळींनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या आणि दिवाळीच्या आधी संस्थेच्या नोंदणीचा अर्ज दाखल केला. निकाल यायचा आहे.

इकडे आमच्या वाशिमलाही आता जुन्या वाड्यांच्या जागी चार-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. परवा शेजारच्या जावईबापूंनी विचारले, "काका, फ्लॅट कोणत्या मजल्यावर घ्यावा?" म्हटलं, मजल्याचं नंतर पाहू. जमीन कुणाच्या नावावर आहे आणि ती तुमच्या नावावर कधी होणार, ते आधी लिहून घ्या.