मायकेल जॅक्सन : ‘निकषां’च्या आड लपलेला वर्णभेद

१ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही ही चोवीस तास गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. सुरुवातीची दीड वर्षे तिच्यावर कृष्णवर्णीय कलावंत क्वचितच दिसत. कारण विचारले की उत्तर ठरलेले : आमची वाहिनी रॉकची, तुमचे संगीत आमच्या निकषात बसत नाही. ‘काळे नकोत’ असे कुणीच म्हणत नव्हते! आपल्याकडे ‘गुणवत्ता’ हा शब्द ज्या कामासाठी वापरतात, त्याच कामाला तिथे ‘रॉक’ हा शब्द आला. त्या रॉकचा पाया घालणाऱ्यांत चक बेरी आणि लिटल रिचर्ड हे कृष्णवर्णीयच होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले गेले.

मायकेल १९५८ साली गॅरी या पोलादनगरीत जन्मला. बाप कारखान्यात क्रेन चालवायचा, घर लहान, भावंडे नऊ. १९६९ मध्ये भावांचा ‘जॅक्सन फाइव्ह’ हा संच मोटाउनकडे गेला. बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय उद्योजकाने डेट्रॉइटमध्ये उभी केलेली ही कंपनी. पहिले दार आपल्याच माणसाने उघडले खरे, पण १९७५ मध्ये भाऊ बाहेर पडले तेव्हा ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नावसुद्धा कंपनीकडेच राहिले. मालकी म्हणजे काय, हे पोराला तेव्हाच कळले असावे.

१९७९ च्या ‘ऑफ द वॉल’ अल्बमला तुफान यश मिळाले. ग्रॅमी मिळाले एकच, तेही कृष्णवर्णीय संगीतासाठी राखलेल्या विभागात. मग १९८२ चा ‘थ्रिलर’ आला आणि मार्च १९८३ मध्ये एमटीव्हीला ‘बिली जीन’ दाखवावेच लागले. वाहिनीचे मन बदलले नव्हते. ते गाणे न दाखवणे आता तिलाच परवडणारे नव्हते. पुढच्या वर्षी त्याने एका रात्रीत आठ ग्रॅमी घेतले.

मे १९८३ मध्ये अमेरिकेने टीव्हीवर त्याचा ‘मूनवॉक’ पाहिला. ही चाल त्याने शोधलेली नव्हे. हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये बिल बेली हा नर्तक १९५० च्या दशकातच तशी मागे घसरत जाई, आणि पुढे रस्त्यावर नाचणाऱ्या कृष्णवर्णीय पोरांनी ती जिवंत ठेवली. म्हणजे कष्टकरी वस्त्यांची कला एका माणसाच्या पायांतून जगभर गेली. आपल्या जलशांची आणि भीमगीतांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९८५ मध्ये त्याने ४ कोटी ७५ लाख डॉलर मोजून एटीव्ही ही प्रकाशन कंपनी घेतली. बीटल्सच्या बहुतेक गाण्यांचे हक्क तिच्याकडे होते. गोऱ्यांच्या सर्वांत लाडक्या गाण्यांचा मालक गॅरीच्या मजुराचा पोरगा! माझ्या मते मूनवॉकपेक्षा हे पाऊल मोठे.

त्याच्यावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. २००५ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, तरी मृत्यूनंतरही आरोप थांबले नाहीत. भक्तीपोटी ते झाकू नयेत. कातडी पांढरी पडली ती मात्र कोडामुळे. शवविच्छेदनातही तेच निघाले. तरीही ‘गोरा व्हायला निघालेला काळा’ ही थट्टा आपल्याकडेही चवीने चालली.

१ नोव्हेंबर १९९६ ला तो मुंबईत, अंधेरीत नाचला. यजमान होती शिव उद्योग सेना. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याला विरोध करणाऱ्या पक्षाची ही संघटना, आणि त्याच पक्षाच्या युती सरकारने कार्यक्रमाचा करमणूक कर माफ केला. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसासाठी पायघड्या घालताना त्यांना काहीच अडचण आली नाही. तो त्यांच्या गावकुसाबाहेरचा नव्हता ना!