पहिल्या पेपरचे नापास

मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली, तेव्हा १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. आदल्याच वर्षी कलकत्त्यात बी.ए.च्या परीक्षेत बंकिमचंद्रांना ग्रेसचे गुण देऊन वर ढकलावे लागले होते. ज्याला पुढे बंगाली कादंबरीचा जनक म्हणून ओळखले गेले, त्याची ही गुणपत्रिका! पेपर जितका अवघड तितके विद्यापीठ थोर, ही समजूत आपल्याकडे तेव्हापासून मुरलेली आहे.

संगणकशास्त्राच्या प्राथमिक पेपरने तिला नवे बळ दिले. या विषयात जगभर सुमारे ३३ टक्के विद्यार्थी गळतात किंवा नापास होतात, असे २००७ च्या एका पाहणीत आढळले होते. त्याआधी, २००६ मध्ये, इंग्लंडातील देहनादी आणि बोर्नाट यांनी काहीही न शिकवता चाचणी घेतली. अ म्हणजे १०, ब म्हणजे २०; मग 'अ = ब' लिहिले, तर आता अ किती, ब किती? या उत्तरांवरून ज्याला जमणार आणि ज्याला कधीच जमणार नाही असे दोन वर्ग पाडता येतात, असा त्यांचा दावा होता. उंटाच्या दोन मदारींची ही उपमा अध्यापकांना फारच भावली. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतःच दावा मागे घेतला. पण उपमा मागे घेता येत नसते.

आता मोर्णेच्या पश्चिम तीरावरील अकोल्याच्या जुन्या शहरातून, असदगडाच्या सावलीतून, महाविद्यालयात येणारा विद्यार्थी घ्या. मराठी किंवा उर्दू शाळेत त्याने '=' म्हणजे 'बरोबर', दोन्ही बाजू समान, हे दहा वर्षे घोकलेले. येथे मात्र तेच चिन्ह एक आज्ञा आहे: ब मधील मूल्य अ मध्ये ठेव, ब तसाच राहू दे. हे कोणी स्वच्छ मराठीत सांगितले नाही, तर तो इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे अडतो, आणि उत्तरपत्रिकेवर त्याची नोंद 'बुद्धी नाही' अशी होते.

काव्यहेतूंची चर्चा करताना मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांना एकत्रित कारण मानले, हे साहित्याच्या वाचकांस सांगणे नको. संगणकाच्या अध्यापकांनी केवळ शक्ती तेवढी ठेवली. कॅनडातील एका विद्यापीठाच्या ७७८ वर्गांचे गुण २०१६ मध्ये तपासले गेले, तेव्हा जेमतेम ५.८ टक्के वर्गांत दोन उंचवटे आढळले. त्याच अभ्यासात अध्यापकांना संदिग्ध आलेखही दाखवले होते. जन्मजात प्रतिभेवर ज्यांचा विश्वास होता, त्यांना त्यांत उंट अधिक दिसला.