पाषाण आणि पोलाद

बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. तेथील कातळात सुरुंगाची भोके मजुरांनी हातांनीच पाडली. पहार बोथटली की लोहाराने ती तापवून पुन्हा पाणी द्यावयाचे.

१९०९ साली अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज यांना फिरत्या दातेरी शंकूंच्या हत्याराचे पेटंट मिळाले. ते खडक खरवडीत नाही, भाराखाली चिरडते. पुढे १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची हत्यारे निघाली व दात्यांचे आयुष्य वाढले.

पुलाच्या पायाकरिता कातळ कोरताना आजही हाच विवेक लागतो : मुरुमास खरवडणारे दाते, अखंड काळ्या पाषाणास चिरडणारे शंकू. निवड चुकल्यास दाते झिजतात आणि पक्का खडक लागण्यापूर्वीच काम आटोपण्याचा मोह होतो. त्या मोहाची किंमत पुढील पिढीस मोजावी लागते. म्हणून आधी खडकाची परीक्षा, मग हत्याराची निवड, हेच खऱ्या कारागिराचे लक्षण होय.