एक्का-राजा हातात, तरी पॅक? पोकरमध्ये चांगले पत्ते कधी सोडायचे?

गणपतीला पनवेल स्टेशनवरून कोकणात जाणारी गाडी पकडली की डब्यात कुठेतरी पत्त्यांचा डाव रंगलेला दिसतोच. गौरी-गणपतीच्या जागरणात रमी आणि तीन पत्ती नवी नाही. गेल्या काही वर्षांत त्यात पोकरची भर पडली, मोबाइलमुळे जास्तच. पण तीन पत्तीची सवय घेऊन पोकरला बसणारे अनेक जण एकाच ठिकाणी अडकतात. सुरुवातीला चांगले पत्ते आले की त्यांना ते सोडवत नाहीत.

वाईट पत्ते टाकून देणं कुणालाही जमतं. खरं नुकसान होतं ते चांगले पत्ते सोडायची वेळ ओळखता आली नाही की. ती वेळ कशी ओळखायची?

तीन पत्ती आणि पोकरमध्ये फरक काय?

तीन पत्तीत तुमचे तीन पत्ते वाटले गेले की तुमचा हात ठरला. शो होईपर्यंत त्यात काहीच बदलत नाही.

पोकरचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे 'टेक्सास होल्डेम'. यात प्रत्येकाला फक्त दोन पत्ते मिळतात. त्यानंतर टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडले जातात. आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). या सातपैकी सर्वोत्तम पाच पत्ते म्हणजे तुमचा हात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची फेरी होते. तुम्ही रक्कम जुळवता (कॉल), वाढवता (रेझ) किंवा पत्ते टाकता (फोल्ड, म्हणजे आपल्या भाषेत पॅक).

म्हणजे हातातले दोन पत्ते ही फक्त सुरुवात असते. वाटताना भारी असलेला हात तीन पत्ते उघडताच हलका होऊ शकतो.

'चांगले पत्ते' म्हणजे कोणते?

५२ पत्त्यांच्या कॅटमधून दोन पत्त्यांच्या १,३२६ वेगवेगळ्या जोड्या निघतात. त्यात सर्वांत भारी एक्क्यांची जोडी. ती सरासरी २२१ डावांत एकदा मिळते. त्याखालोखाल राजा, राणी आणि गुलाम यांच्या जोड्या आणि एक्का-राजा.

समोर एकच खेळाडू असेल आणि त्याचे पत्ते कोणतेही असू शकतील, तर एक्क्यांची जोडी शेवटपर्यंत जिंकण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के असते. असे चार जण समोर असतील तर ती ५६ टक्क्यांच्या आसपास येते आणि आठ जण शेवटपर्यंत थांबले तर साधारण ३५ टक्के. पत्ते तेच, पण वाटेकरी वाढले की किंमत घसरते. म्हणूनच जाणकार खेळाडू भारी जोडी आली की सुरुवातीलाच रक्कम वाढवून गर्दी कमी करतात.

पत्ते उघडण्याआधीच कधी सोडायचे?

समजा तुमच्याकडे राण्यांची जोडी आहे. एकाने रक्कम वाढवली. दुसऱ्याने ती आणखी वाढवली. आता पहिल्याने सगळ्या चिप्स लावल्या, म्हणजे 'ऑल-इन' केलं. आणि हा पहिला खेळाडू तासाभरात दोनच डाव खेळलाय.

अशा माणसाकडे बहुतेक वेळा एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा असणार. या तिन्ही शक्यता धरून हिशेब केला तर राण्यांची जोडी जिंकण्याची शक्यता साधारण ४० टक्के येते. तो फक्त एक्के किंवा राजांच्या जोडीवरच असं खेळत असेल, तर ती १८-१९ टक्क्यांवर येते. शिवाय रक्कम वाढवणारा दुसरा खेळाडू अजून डावात आहेच. इथे राण्या टाकणं हा शहाणपणाचा निर्णय ठरतो.

याउलट समोरचा प्रत्येक डावात रक्कम वाढवत असेल, तर त्याच राण्या घेऊन थांबणं योग्य. त्यामुळे 'राण्यांची जोडी टाकावी का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ही रक्कम कोण लावतंय, त्याच्या आधी कोण बोललंय आणि किती जण अजून बोलायचे आहेत, यावर ते ठरतं.

फ्लॉपनंतर काय बघायचं?

सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

- एक्का-राजा हातात असताना फ्लॉपवर त्यातल्या कशाचीच जोडी न लागण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के.
- राजांची जोडी असताना फ्लॉपवर किमान एक एक्का येण्याची शक्यता सुमारे २३ टक्के.
- राण्यांची जोडी असताना फ्लॉपवर एक्का किंवा राजा येण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के.
- गुलामांच्या जोडीवर त्यांच्यापेक्षा मोठं पान येण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के.

उदाहरण घेऊ. तुमच्याकडे इस्पिक आणि चौकटचा राजा आहे. टेबलावर बदामचा एक्का, बदामची दश्शी आणि किलवर सत्ती उघडली. समोरच्या दोघांपैकी एकाने पैसे लावले, दुसऱ्याने वाढवले. कुणाकडे एक्का असेल, कुणी बदामचा कलर लागायची वाट बघत असेल. कुणाची जोडी एक्क्यांची असेल तर तुम्हाला प्रामुख्याने उरलेल्या दोन राजांपैकी एक हवा. पुढच्या दोन पत्त्यांत तो येण्याची शक्यता फक्त ८.४ टक्के आहे.

हिशेब कसा करायचा?

पॉटमध्ये १,००० चिप्स आहेत. समोरच्याने ५०० लावल्या. डावात राहायला तुम्हाला ५०० टाकाव्या लागतील आणि मग पॉट २,००० चा होईल. म्हणजे एकूण पॉटच्या एक चतुर्थांश रक्कम तुमची. जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाटत असेल तर कॉल, कमी असेल तर पॅक. वरच्या उदाहरणात ८.४ टक्क्यांसाठी २५ टक्क्यांची किंमत मोजणं म्हणजे तोटाच.

इथे एक जुनी खोड आडवी येते. 'आतापर्यंत इतके घातलेत, आता कसं सोडू?' पण पॉटमध्ये गेलेली चिप तुमची राहिलेली नसते. प्रश्न फक्त पुढच्या ५०० चा असतो.

एक्क्यांची जोडीही टाकावी लागते का?

पत्ते उघडण्याआधी जवळपास कधीच नाही. अपवाद आहे 'सॅटेलाइट' स्पर्धांचा. यात बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची तिकिटं मिळतात आणि सगळी तिकिटं सारखीच असतात. समजा तिकिटं १० आहेत आणि खेळाडू ११ उरलेत. तुमच्याकडे पुरेशा चिप्स आहेत, तर दोघांच्या संपत आल्या आहेत. अशा वेळी तुमच्यापेक्षा मोठा साठा असलेल्याने ऑल-इन केलं, तर एक्केही टाकणं बरोबर ठरू शकतं. जिंकून दुसरं तिकीट मिळणार नाही, हरलात तर मात्र हातचं तिकीट जाईल.

सोडणं चुकतही असेल ना?

नक्कीच. २००३ च्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत शेवटच्या दोघांमध्ये सॅम फरहाकडे नव्व्यांची जोडी होती. समोर ख्रिस मनीमेकरने हातात काहीच न लागता सगळ्या चिप्स लावल्या. फरहाने बराच विचार करून पत्ते टाकले. पुढे मनीमेकर जिंकला आणि त्याला २५ लाख डॉलर मिळाले. विशेष म्हणजे तो ऑनलाइन सॅटेलाइट जिंकूनच तिथे पोहोचला होता.

एखादा निर्णय बरोबर होता का, हे त्या एका डावाच्या निकालावरून ठरत नाही. त्या क्षणी हाताशी असलेल्या माहितीवर तो घेतला होता का, हे बघावं लागतं.

पैसे लावून खेळणं कायदेशीर आहे का?

महाराष्ट्रात जुगाराविरोधात १८८७ पासूनचा कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाचा खेळ मानलं, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ म्हटलं. महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे पळस्प्याहून मुंबई-गोवा महामार्गाला लागून पणजी गाठली, तरच मांडवी नदीतले परवानाधारक कॅसिनो दिसतात.

ऑनलाइनचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात नाही. अशी सेवा देणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. पण बंदी असलेल्या ॲपवर पैसे अडकले तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न उरतोच.

बिनपैशाच्या चिप्सवर खेळताना हे सगळं शिकता येतं. मात्र हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा बसावंसं वाटत असेल, घरच्यांपासून रक्कम लपवावी लागत असेल किंवा उसने घेऊन खेळणं सुरू झालं असेल, तर सोडायची वेळ पत्त्यांची नाही, टेबलाची आली आहे. अशा वेळी केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या १४४१६ क्रमांकाच्या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.